आईचा ठिपका

४ जानेवारी, सकाळ

भूगोल्या,

फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं, म्हणून टाइप करतेय. आई हरवली आहे. काल दुपारी घरातून गेली ती अजून आलेली नाही. ‘काळजी करू नकोस’ असं लिहायची पद्धत आहे, पण मीच रात्रभर करतेय, तेव्हा तूही कर थोडी काळजी.

तुला वाटेल, रविवारी तर छान बोलली. बोलते ना! तुझा फोन म्हटला की सगळा जीव गोळा करून बोलते. ठेवला की मला विचारते, “कोण होतं गं?” हे तुला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर तू दोन डॉक्टरांचे पत्ते आणि एक इंग्रजी लेख पाठवला असतास.

काल सकाळपासून तिचं एकच पालुपद. उशीर झाला, उशीर झाला. कशाला उशीर, ते सांगेना. चहा तसाच ठेवला, स्वतःची वेणी स्वतः घातली, करडा स्वेटर उलटा चढवला. त्यात स्वयंपाकघरातला बल्ब गेला. तिला अजून तो जुना पिवळाच लागतो, माहीत आहे ना तुला. मी काढून हातात दिला तर नेहमीसारखा कानाशी धरून हलवला, “गेला,” म्हणाली, आणि मला काही टाकू दिला नाही. नवा बल्ब घेतानाही दुकानदारासमोर आधी कानाशी, मग पिशवीत, ही तिची जन्माची खोड. मग म्हणाली, “लेकरू ताटकळलं असेल गं. सगळ्या आपापली घेऊन गेल्या, माझंच राहिलं असेल.”

लेकरू म्हणजे तू, दुसरं कोण? या घरात लेकरू एकच. मी जन्मल्यापासून ताई. मी म्हटलं, “जा मग, घेऊन ये त्याला. म्हणावं, बहिणीनं बोलावलंय, अभ्यास झाला तेवढा पुरे झाला.” आणि दुकान उघडायला गेले. दुपारी जेवायला आले तर दार नुसतं लोटलेलं, तिच्या चपला जागेवर नाहीत.

ठाण्यात तक्रार दिली. तिथला साहेब म्हणाला, म्हातारी माणसं अशीच जातात आणि येतात, नातेवाइकांकडे बघा. नातेवाईक म्हणजे मावशी, ती लांब सुनेकडे, आणि कानानं ठार बहिरी. सुनेला फोन केला, तिकडे नाही.

तू पुस्तकासाठी काढलेला नकाशा दुकानात भिंतीवर आहे. मीच लॅमिनेट केलाय, चांगल्या जाड प्लॅस्टिकमध्ये. कारखाने बंद पडल्यावर आपल्या वस्तीतली माणसं रोज कुठून कुठे जातात, काय आणायला, कुणाला भेटायला, हे तू घरोघर तक्ते वाटून विचारलंस, आणि प्रत्येक घराची एक रंगीत रेघ काढलीस. झेरॉक्सला आलेली गिऱ्हाइकं आपापली रेघ शोधतात आणि खूश होतात. आईची रेघच नाही, तपकिरी ठिपका आहे, शेपटीवाला. शिंपीणबाई म्हणतात, भिंतीवर माशी बसलीय तशी दिसते तुझी आई.

तू गेलास तेव्हा मी म्हटलं होतं की तू आईला भेटायला नाही, मोजायला आला होतास. ते मी मागे घेत नाही. पण आता मोज. माणसं कुठे जातात आणि का जातात, हाच ना तुझा विषय? मग सांग मला, कुठे बघू.

ताई


५ जानेवारी, दुपार

भूगोल्या,

तुझं उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. मनातून बरं वाटलं, हे तोंडानं कबूल करणार नाही, इथं करते.

तू पाठवलेला नवा नकाशा मोठा छापून घेतला. विसरणारी माणसं डोक्यानं चालत नाहीत, पायांनी चालतात, पायांना जी वाट रोजची तीच धरतात, हे तुझं मला पटलं. बाजार गडद लाल, दवाखाना लाल, नळाजवळचा पार आणि शाळेची गल्ली फिकट लाल. रुळांपलीकडे सगळं करडं, आणि त्यावर तू लिहिलंयस, ‘रूळ ओलांडण्याची शक्यता नगण्य’. तुझ्या पुस्तकातलं ते वाक्य मला पाठ आहे, रूळ ही या वस्तीच्या मनातली भिंत आहे. खरं सांगू? गिऱ्हाइकांना मी ते वाक्य ऐकवते. माझ्या भावानं लिहिलंय म्हणते.

तर त्या नकाशावरून आम्ही कामं वाटून घेतली. शिंपीणबाई बाजारात, इस्त्रीवाला दवाखान्याच्या बाजूला, शाळेच्या बाईंनी शिपायाला घेऊन शाळेमागची मैदानं बघितली. माणसं कामधंदा सोडून आली रे. आपली आई उभ्या आयुष्यात कुणाशी चार वाक्यांवर पाचवं बोलली नसेल, तरी आली. शिंपीणबाई म्हणाल्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा असं व्हायला नको, आधी घर बघू. म्हणून पलंगाखाली, माळ्यावर, पाण्याच्या टाकीत टॉर्च टाकून बघितलं. टाकीचं झाकण मीच उचललं. टाकीत काही नव्हतं.

भाजीवाली म्हणते, तुमची आई कित्येक महिन्यांत आली नाही, तुम्हीच येता की. दवाखान्यातल्या बाई तेच म्हणतात. तुझ्या लाल जागांवर आईला कुणी बघितलेलंच नाही. पाय विसरले का तिचे? तेही विसरतात का? तुझ्या शास्त्रात काय लिहिलंय?

कोपऱ्यावरचा टॅक्सीवाला, तो दाढीवाला, म्हणाला, “ताई, रुळांपलीकडे मारून येऊ का एक चक्कर?” मी त्याला नकाशा दाखवला. म्हटलं, शास्त्रानं काढलंय, उगाच पेट्रोल जाळू नका, तुम्ही बसस्टँडवर बघा. तो मान डोलावून बसस्टँडकडे गेला.

थंडी फार आहे. शाल घेतली असावी तिनं, खुंटीवर नाही. आणि तो गेलेला बल्बही मिळत नाही. सकाळी नवा लावताना मी ओट्यावर शोधला. कुठे ठेवला कोण जाणे.

तू रडलास असं लिहिलंयस. मी अजून रडले नाही, मला सवड नाही.

ताई


७ जानेवारी, संध्याकाळ

काय लिहू? काही नाही. आज सकाळी बाजारभर कागद चिकटवले. माझ्याच मशीनवर छापले. आईचा एकच बरा फोटो आहे, तू काढलेला, सर्वेक्षणाच्या वेळचा, त्यात ती तुझ्या तक्त्याकडे बघतेय. मशीनमधून एकामागून एक आई बाहेर पडत होती आणि मी गठ्ठा ठोकून सरळ करत होते. लोकांच्या लग्नाचे, नोकरीचे, कोर्टकचेरीचे कागद छापत आयुष्य गेलं, म्हटलं हाही एक कागद. मग मशीनमध्ये कागद अडकला आणि नेमका तिच्या तोंडावर फाटला. तेव्हा बसले जरा खाली.

दुपारी फोन आला, बसस्टँडवर करड्या स्वेटरमधली म्हातारी आहे. धावत गेले. चप्पल तुटली तर हातात घेऊन धावले. ती कुणाची तरी वेगळीच आई होती. मला म्हणाली, “बस कधी आहे गं?” मी तिला बसमध्ये बसवून दिलं.

आल्यावर तुझं पुस्तक काढलं. आपलं घर कुठे आहे त्यात, ते मला माहीत होतं, पण पूर्वी तोंड वाकडं करून पुढे गेले होते. आज नीट वाचलं. ‘वृद्ध स्त्री, विधवा. व्यवसाय नाही. दैनंदिन वावर अत्यंत मर्यादित, घर व त्यालगतचा परिसर.’ बस! आपल्या आईवर तू एवढं लिहिलंस. बाबांवर अख्खं पान, ते बसचे ड्रायव्हर, त्यांचे मार्ग, त्यांचे चहाचे ठेले, त्यांच्या डेपोची जागा का बदलली. ते मेले होते तरी एक पान! आणि ती समोर बसलेली, तुला चहा करून देणारी, तर तिला ठिपका.

मला माहीत आहे, तू म्हणशील तिनंच तसं सांगितलं. मी होते की तिथं. तू विचारलंस, “आई, तू काय काम करतेस?” ती म्हणाली, “मी कुठलं काम करते? मी घरीच.” तू लिहून घेतलंस. पूर्वी काय करत होतीस, हे तू विचारलंच नाहीस. तुझ्या तक्त्यात तो रकाना फक्त घरच्या कर्त्यापुरता होता. बाबांचा भरून झाला होता.

तिकीट मिळत नाही म्हणून लिहितोयस. मिळेल तेव्हा ये. पण तोवर डोकं चालव. ती काय बोलायची, कुठलं नाव घ्यायची, रविवारच्या फोनवर काही म्हणाली का, आठव. नकाशा राहू दे आता बाजूला. मुलगा म्हणून आठव.

मी काल रात्रीपासून दार लावलेलं नाही. नुसतं लोटून ठेवलंय, तिनं ठेवलं होतं तसं.

ताई


८ जानेवारी, दुपार

भूगोल्या, फोनवरून लिहितेय, टॅक्सीत आहे, चुका पोटात घाल. आईचा पत्ता लागला! जिवंत! थांब, क्रमानं सांगते, नाहीतर तुला कळायचं नाही.

सकाळी मावशी आली. सुनेनं बसमध्ये बसवून दिली. पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारते, “बल्बच्या कारखान्यात बघितलंत ना गं?” जसं काही गच्चीवर बघितलं ना, असं विचारावं. मी म्हटलं, कुठला कारखाना? तिला ऐकू येईना, मी ओरडले, शेजारपाजार गोळा झाला. तर ती माझ्याकडे वेड्यासारखी बघतेय. “अगं, तुझी आई सात-आठ वर्षं होती की तिथं. बल्ब तपासायला. लग्नाआधीपासून होती. कानाशी हलवून आवाजावरून सांगायची, हा गेला, हा चांगला. तुम्हाला ठाऊक नाही?”

ठाऊक नाही! आपण दोघांनी तो बल्ब कानाशी हललेला हजार वेळा बघितला, नकला केल्या, हसलो. एकानंही विचारलं नाही की हे तू कुठे शिकलीस.

कारखाना रुळांपलीकडे. तुझ्या करड्या पट्ट्यात. बंद पडून जमाना झाला, आता तिथं पार्सलचं गोदाम आहे, घरपोच वस्तू पाठवतात त्यांचं. दाढीवाल्याला घेऊन गेले. पुढच्या मोठ्या फाटकावर कुणी ऐकून घेईना. मावशी म्हणाली होती, बायकांचं दार मागच्या गल्लीत. ते दार विटांनी बुजवलंय, पण पायऱ्या आहेत अजून, खाली झिजलेल्या. तिथं पोरी डबा खायला बसतात. मी आईचा कागद दाखवला तर एक पोर उठून उभीच राहिली. पार्सलवर चिकटपट्टी लावायचं काम करते. म्हणाली, “या आजी? या बसल्या होत्या की इथं! मी पाणी दिलं त्यांना.”

विचारलं, तुला वेगळं नाही वाटलं काही? ती पोर रडायला लागली. म्हणाली, “मी विचारलं ना, आजी, कुणाकडे आलात? तर म्हणाल्या, माझं लेकरू आत आहे, सुटलं की घेऊन जाते. आत एवढी माणसं कामाला आहेत, मला वाटलं, असेल कुणाची तरी आई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पायऱ्यांवर पडलेल्या सापडल्या म्हणे. रखवालदारानं गाडी बोलावून तिकडच्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. श्वास होता, तो म्हणतो, हात हलवत होत्या. तिकडचं ठाणं वेगळं, आपलं वेगळं, हद्द रुळांवर संपते, म्हणून इकडे कळलंच नाही कुणाला.

आता तिकडेच चाललोय. मावशी शेजारी बसलीय, तिच्या मांडीवर आईचे धुतलेले कपडे आहेत, घरी आणताना लागतील म्हणून. दाढीवाला हॉर्न वाजवत सुटलाय. सापडली रे! तुझं शास्त्र गेलं चुलीत, सापडली!


९ जानेवारी

परवा सकाळी गेली. सात वाजता. म्हणजे मी बाजारात कागद चिकटवत होते तेव्हा.

त्यांच्याकडे ‘अनोळखी स्त्री’ असं लिहिलं होतं. थंडीनं छाती भरली होती. मी ओळख पटवली, सह्या केल्या. मावशीनं आणलेले कपडे घातले.

फोन करू नकोस. तिकीट मिळालं की ये.


२३ जानेवारी, दुपार

भूगोल्या,

तू आलास आणि गेलास. एवढे दिवस एका घरात राहून आपण ‘जेवलास का’ आणि ‘पाणी तापलंय’ याच्या पुढे गेलो नाही. मी ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही, उघडलं तर काय बाहेर पडेल माझा मला भरवसा नव्हता. पायऱ्यांवर तू एकटाच जाऊन आलास, मला कळलं. तुझ्या पँटला मागे चुना लागला होता. मी धुतली.

जाताना नकाशा काढायला निघालास, गुंडाळून नेतो म्हणालास. मी नको म्हटलं. तुला वाटलं असेल, डिवचायला ठेवतेय. तसंही असेल थोडं. पण लोक अजून येतात, आपापल्या रेघा शोधतात, त्यांचं त्यात काय चुकलं?

आज तुझं पत्र आलं. ‘मी प्रश्नच चुकीचा विचारला,’ असं लिहिलंयस, आणि पुस्तकात दुरुस्ती छापतो म्हणतोस. छाप. बैल गेला आणि झोपा केला, पण छाप. त्या कारखान्यात नुसती आपली आईच नव्हती, मावशी सांगते, शंभर-दीडशे बायका होत्या, रोज रूळ ओलांडून जायच्या. त्यांच्यातल्या निम्म्या तुझ्या नकाशात ‘व्यवसाय नाही’ म्हणून बसल्यात. त्यांच्या मनात कसली भिंत? त्या रूळ ओलांडूनच पोट भरत होत्या. जा त्यांच्याकडे आणि विचार. लवकर जा, वय झालंय त्यांचं.

पण हे लिहायला बसले नाही मी. तुझ्यापासून दोन गोष्टी लपवल्या, त्या सांगायला बसले.

पहिली. त्या पार्सलवाल्या पोरीनं मला आणखी काही सांगितलं होतं, ते मी टॅक्सीत लिहिलं नाही. संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा ती त्याच गल्लीतून बाहेर पडली. आई बसलेलीच होती. पोरीनं विचारलं, “आजी, आलं नाही का तुमचं लेकरू अजून?” आई म्हणाली, “सगळ्यांची गेली गं. माझंच राहिलंय. रडत असेल.” पोरीला वाटलं, आत कुणाला जादा काम पडलंय. म्हणाली, “येईल हं आजी, बसा,” आणि तिची बस धरायला गेली. ती आता रोज मला फोन करते. मी तिला म्हणते, तुझा काही दोष नाही बाई. दोष नाहीच तिचा. ‘बसा’ म्हणाली, दुसरं काय म्हणणार?

दुसरी. रुग्णालयातून एक प्लॅस्टिकची पिशवी मिळाली होती. शाल, एक चप्पल, आणि रुमालात बांधलेला तो स्वयंपाकघरातला बल्ब. फुटला नव्हता. एवढ्या लांब चालत गेली, रुळांवरचा पूल चढून उतरली, थंडीत बसली, पडली, गाडीत घातली, तरी फुटू दिला नाही. तू घरात होतास तोवर मी तो कपाटात कपड्यांच्या मागे ठेवला. तुला दाखवला नाही. वाटलं, लेकरू म्हणजे तू, बल्बही तुझ्यासाठीच नेला असणार, तो तुझ्या हातात द्यायचं जिवावर आलं.

तू गेल्यावर मावशी दोन दिवस राहिली. तिला परत न्यायला सून आली, तेव्हा निघता निघता मावशी मी बाहेर काढलेला तो बल्ब बघून म्हणाली, “तुला न्यायला गेली गं ती.” मी ओरडून म्हटलं, “मला नाही, मावशी, धाकट्याला! लेकरू लेकरू करत होती!” तर म्हणाली, “धाकटा कुठला? धाकटा झाला आणि तिनं काम सोडलं. त्याला कधी तिथं नेलाच नाही. तू असायचीस. मागच्या दाराशी पोरांची खोली होती, तिथं तुला ठेवून ती आत जायची. एकदा तिला जास्तीचं काम लावलं, सगळ्या बाया आपापली पोरं घेऊन गेल्या, तू एकटीच राहिलीस. रडून रडून निळी झाली होतीस. तेव्हापासून तिनं धास्ती घेतली. रोज पाळी सुटायच्या आधीच उशीर झाला, उशीर झाला करायची. तुला गप्प करायला मग गेलेला बल्ब आणायची, तुझ्या कानाशी हलवायची. आत तार तुटलेली असली की बारीक किणकिण वाजतं ना? तुझं तेच खेळणं.”

मला त्यातलं काही आठवत नाही. फार प्रयत्न केला. पायऱ्यांवर जाऊन बसले, विटांना हात लावला. हिरवी अर्धी भिंत आठवते, पण ती शाळेचीही असेल. ती माझ्यासाठी रोज जीव टाकत धावत यायची आणि मला आठवत नाही. तिला आठवत होतं. तुझं नाव विसरली, माझं विसरली, चहा विसरली, आणि हे एवढं धरून ठेवलं.

आयुष्यभर मी तुझ्यावर जळले रे. लेकरू म्हटलं की तू. शेवटच्या दिवशीसुद्धा मला वाटलं, हिला त्याचाच ध्यास, मी जवळ असून नसल्यासारखी. म्हणून तर तसं बोलले, जा, घेऊन ये. तिनं ऐकलं माझं. तिच्या समोर मी उभी होते, धडधाकट, पिकल्या केसांची. नुसतं म्हणायला हवं होतं, “अगं आई, मी आलेय घरी. तू मला केव्हाच आणलंस.” कदाचित चपला काढून बसली असती. कदाचित नसती.

बल्ब आता दुकानात माझ्या टेबलावर आहे. गिऱ्हाईक नसलं की कानाशी धरते. वाजतं, अगदी बारीक. तू येशील तेव्हा तूही ऐक.

आता दार लावून घेते रात्री. ती मला न्यायला गेली होती, आणि मी तिला बाजारात शोधत होते.

ताई